चार वाजून बारा मिनिटांची यादी

गेंडा ओरडला तेव्हा टिटवीबाई मालकांना स्कॅनरचा सगळ्यात मोठा आवाज सातव्यांदा ऐकवत होत्या.

"मालक! काका... काका आत होते!"

गेंडा म्हणजे गुदामातला हमाल. देहानं नावासारखा, आवाजानं एरवी शेळी. तो ओरडला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मालक उठले, मागोमाग बाई. ऑफिसपासून वीस पावलांवर कोल्ड रूमचं वीतभर जाडीचं दार सताड उघडं होतं आणि पांढरी वाफ फरशीवरून सरपटत बाहेर येत होती.

पाच वाजता ट्रकसाठी माल काढायला गेंड्यानं दार ओढलं होतं. दाराला आतून टेकून बसलेले गुदामकाका, इथले जुने कारकून, त्याच्या पायांवर आडवे झाले होते. आडवे झाले तरी आकार बसल्याचाच राहिला होता. भुवया पांढऱ्या. दोन्ही मुठींची सालं निघालेली. अंगात साधा सुती सदरा. आत जाताना घालायचा जाड कोट बाहेर खुंटीवर होता.

"तरी सांगत होतो," मालक म्हणाले, "कोट घालत जा."

एवढं बोलून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. रुमाल इस्त्रीचा होता.

बाजारात टिटवीबाईंना टिटवी म्हणत, कारण त्या ज्या दुकानात शिरत तिथं दहा मिनिटांत टिट-टिट सुरू होई. बिनतारी बारकोड स्कॅनर विकणं हा त्यांचा धंदा, वय चोपन्न, आणि कंपनीनं गोड शब्दांत कळवलं होतं की या महिन्यात एक मोठी ऑर्डर आणा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सकाळी निवांत झोपत जा. बाईंना झोपेची आवड नव्हती.

म्हणून गोठवलेल्या मासळीच्या या गुदामात त्यांनी सोमवारी तीन नमुने आठवडाभर वापरायला ठेवले होते. निळा स्वस्त, पण ऑफिसातल्या संगणकापासून दहा पावलांवर गेला की ठार बहिरा. पिवळा गुदामभर चाले, कोल्ड रूमच्या पत्र्याआड मात्र त्याचीही वाचा बसे. तिसरा काळा. तो महाग, पाठीवर वाचलेला आकडा दाखवणारा बोटभर पडदा, आणि पोटाचा खोल. संगणक ऐकत नसला, तरी काळा वाचलेले आकडे पोटात ठेवी आणि संगणक भेटला की एका दमात ओकून टाकी.

हे सगळं बाईंनी सोमवारी काकांना समजावलं. मालक तेव्हा फोनवर होते. काका बत्तीस वर्षं गुदाम डोक्यात घेऊन फिरलेले. असा माणूस यंत्राला शिव्या घालणार, अशी बाईंची तयारी होती. झालं उलटंच. म्हातारा काळ्यावर असा काही भाळला, की बाईंना संकोच वाटला. दोघं आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर आले, तर यंत्रावर बाहेरच्या उकाड्यानं पाणी सुटलं होतं, थेंब गळत होते. काकांनी ते स्वतःच्या उपरण्यानं पुसलं, न्हाऊन आलेल्या नातवाला पुसावं तसं.

"बिघडणार नाही ना हो?"

"पाण्याचं काही नाही काका. पण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. अर्धा-पाऊण तास धरा. एकदा टाकली की ह्या स्टँडवर बसवल्याशिवाय उठायची नाही."

"माझंही तसंच आहे," काका म्हणाले होते. "खुर्चीत बसवल्याशिवाय उठत नाही."

फौजदार सहा वाजता आले. पोट आधी, मग टोपी, मग फौजदार. त्यांनी कोल्ड रूमचं दार पाहिलं आणि विचारलं, "आतून उघडत नाही?"

"आतली मूठ तुटलीय," मालक म्हणाले.

"कधी?"

"झालं की वरीस," गेंडा म्हणाला.

"तुला विचारलं?"

"नाही साहेब."

"मग काका आत कसे जायचे?"

आता गेंड्याला विचारलं होतं, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. मालकांनी उत्तर दिलं. दाराच्या फटीत काका लाकडी पाचर ठोकत आणि मग आत जात. पाचर असेपर्यंत दार लागत नसे.

पाचर सापडली. गेंड्याच्या ढकलगाडीवर, गोणपाटाखाली.

"ही इथं कशी?"

"मला काय म्हाईत साहेब? गाडी दारापाशीच उभी असती दिवसभर."

"मालक म्हणतात, मागल्या आठवड्यात काकांशी भांडलास?"

"खोकी पडली हातनं, तर ते बोलले. मी पण बोललो."

"काय बोललास?"



"सगळ्या गुदामानं ऐकलंय," मालक हळूच म्हणाले. "एक दिवस आत कोंडून ठेवीन म्हणाला."

"गंमतीत साहेब! असं तर आमी रोज..."

"कामावर किती वाजता आलास?"

"चारला. दोन ते चार सुट्टी असती, पाळी बदलती. गुदामात कुणी नसतं. मालक नि काका, दोघंच."

फौजदारांनी आपला मोर्चा बाईंकडे वळवला.

"तुम्ही कधी आलात?"

"साडेतीनला. मालकांसमोरच बसले होते. मध्ये एकदा साहेबांचा, म्हणजे आमच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा अंगणात गेले. पाचेक मिनिटं."

"काकांना पाहिलंत?"

"नाही. पण आल्या आल्या मी विचारलं, काळा स्कॅनर कुठंय? मालक म्हणाले, काकांकडे, म्हातारा हातातून सोडत नाही. फोनवरून परत आले, तर काळा स्टँडवर होता."

"मी सांगतो," मालक म्हणाले. "ह्या बाहेर गेल्या तेवढ्यात काका कोल्ड रूममधून थेट इथं आले. यंत्र ठेवलं नि उलट पावली परत आत गेले. काम राहिलंय म्हणाले. तेच त्यांचं शेवटचं दर्शन." पुन्हा रुमाल. "खोटं वाटत असेल तर संगणक बघा."

फौजदारांनी संगणक पाहिला. पडद्यावर काळ्या स्कॅनरची यादी होती. त्यांनी बोट लावून मोठ्यानं वाचलं, शाळेत उजळणी म्हणावी तसं.

"चार बारा. चार बारा. चार बारा... सगळंच चार बारा आहे की! एकेचाळीस ओळी. शेवटच्या नऊ तर एकाच खोक्याच्या. आणि अक्षरं लाल का?"

"तसाच रंग येतो," मालक म्हणाले.

"छान दिसतो," फौजदार म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. चार बाराला काका जिवंत, यंत्र वापरत होते. त्या वेळेपासून पाचपर्यंत मालक बाईंसमोर. उरला कोण? गुणाकार करायचीही गरज नव्हती, नुसतीच वजाबाकी. गेंड्याला जीपमध्ये बसवलं. तो बसला तशी जीप एका बाजूला कलली.

त्या गडबडीत मालकांनी खण उघडून ऑर्डरचा कागद काढला. आठवडाभर त्यांचा हेका होता, निळाच द्या, स्वस्तातला. आता त्यांनी लिहिलं, काळे, नग बारा. खाली सही.

"काकांची इच्छा होती," ते म्हणाले. "आणि बाई, तुम्ही साडेतीनपासून माझ्यासमोर होता, एवढं कोर्टातही सांगाल ना?"

"खरंय ते. का नाही सांगणार?"

बाईंनी कागद पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावताना त्यांना एक गोष्ट आठवली, आणि ती आठवायला नको होती. फोनवरून परत आल्यावर त्यांनी काळा स्कॅनर हातात घेऊन पाहिला होता. तो कोरडा होता. कोरडा आणि कोमट, खिशातल्या रुमालासारखा.

शुक्रवार संध्याकाळ होती. ऑर्डर हेड ऑफिसात सोमवारी सकाळी मंजूर होणार होती.

माणसाचं मन मोठं सोयीचं यंत्र आहे. संगणक भेटेपर्यंत आकडा पोटात ठेवता येतो. बाईंनी शनिवारी पडदे धुतले. रविवारी धुतलेलेच पडदे पुन्हा धुतले. नवऱ्यानं विचारलं, "कुणी यायचंय का?" त्या म्हणाल्या, "नाही. आलाच तर एक हमाल." नवऱ्यानं पुढं विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारानं तो पुरता शिकला होता.

सोमवारी अकरा वाजता निरोप आला: ऑर्डर पक्की, अभिनंदन. साडेअकराला बाई पोलीस चौकीत होत्या.

"साहेब, एकेचाळीस खोकी वाचायला किती वेळ लागेल?"

"हे कोडं आहे का?" फौजदार चहा ढवळत म्हणाले.

"माझा हात ह्या धंद्यात सगळ्यात चलाख मानतात. मला एका खोक्याला दीड सेकंद लागतो. एकेचाळीसला मिनिटभर तरी हवं. काका सत्तरीचे. खोकं वळवायचं, पट्टी शोधायची, नेम धरायचा. त्यांना अर्धा तास. आणि तुमच्या यादीत सगळं एका मिनिटात. मी सेकंद पाहिले होते. बारा सेकंदांत."

फौजदारांचा चमचा थांबला.

"चला गुदामात," बाई म्हणाल्या. "मालकांना म्हणावं, नवीन यंत्रं दाखवायला आलेय."

मालक दारातच भेटले, हसतमुख. "एवढ्या लवकर आणलीत?"

"एकच आणलाय. साहेबांनाही बघायचाय."

फौजदारांनी कोल्ड रूमचं सील काढलं आणि दारात हवालदाराला उभं केलं. स्वतःचा जीव म्हटल्यावर त्यांची अक्कल लख्ख चाले. बाई आत गेल्या, कोटासकट. मागच्या रांगेतली खोकी त्यांनी वाचली, एक, दोन, पाच. दर खोक्याला टिट. दहा मिनिटं मुद्दाम थांबल्या. फौजदारांचे दात त्यांच्या हुकुमाबाहेर वाजू लागले, तेव्हा सगळे बाहेर आले.

"हात लावा ह्याला."

फौजदारांनी स्कॅनर घेतला आणि दचकले. यंत्राला पाझर फुटला होता. मनगटावरून पाणी बाहीत गेलं.

"आता ऑफिसात चला. संगणकाकडे लक्ष ठेवा."

दारातून आत पाऊल टाकताच संगणक पाच वेळा किणकिणला. पाच ओळी, पाचांवर एकच वेळ, त्या क्षणाची.

"मी ही खोकी कधी वाचली साहेब?"

"दहा मिनिटांपूर्वी."

"आणि संगणक काय म्हणतो?"

"आत्ता."

"संगणकाला वाचल्याची वेळ कळतच नाही. त्याला कळते ती आकडे पोचल्याची. चार बाराला काका जिवंत होते, असं ती यादी म्हणतच नाही. ती म्हणते, चार बाराला हे यंत्र कुणीतरी ह्या खोलीत जिवंत केलं. एवढंच."

"मीच सांगितलं ना," मालक म्हणाले, "काकांनी आणून ठेवलं."

"थेट कोल्ड रूममधून?"

"हो."

"मग ते असं ओलं हवं होतं. माझ्या हातात आलं ते कोरडं होतं मालक. आणि कोमट. थंडीतून बाहेर येऊन त्याला तास-दीड तास झाला होता, आणि तो तास त्यानं कुणाच्यातरी खिशात काढला होता."

मालक हसले. "एका ओल्या-कोरड्यावरून तुम्ही..."

"नाही, नाही. अजून बरंच आहे." बाईंचा सूर नमुना दाखवतानाचा होता. "काका सव्वादोनच्या सुमारास आत गेले असतील. दोन मिनिटांचं काम म्हणून कोट घेतला नाही, पाचर मात्र लावली. नवीन खेळणं हातात, म्हणून रोजची खोकी सोडून मागची रांगच वाचायला घेतली. बत्तीस खोकी वाचली. तेहतिसावं मात्र नऊ वेळा वाचलं. एकच खोकं माणूस नऊ वेळा का वाचेल साहेब?"

"विसरून?"

"बत्तीस वर्षांत काका एक खोकं विसरले नाहीत. आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कधी करतो? दुसऱ्याला दाखवताना. बघा मालक, वाजलं! बघा, पुन्हा वाजलं! आत त्यांच्याबरोबर कुणीतरी होतं. आणि दोन ते चार गुदामात होते दोघंच."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. विचार करायचा म्हणजे त्यांना डोकं मोकळं लागे.

"पण का? म्हातारा खोकी वाचतोय म्हणून कुणी मारतं का?"

"ती अक्षरं लाल का, हे तुम्ही विचारलं होतंत. प्रश्न बरोबर होता, माणूस चुकला. संगणकात लाल म्हणजे नष्ट केलेला माल. बघा, उन्हाळ्याआधीची नोंद आहे. मुदत संपलेली मासळी, तपासनिसासमोर पुरून टाकली म्हणून. पुरलेली खोकी आत रचून ठेवलीत, आणि वरच्या नव्या चिठ्ठीवर, आत्ताच पाहिलं, वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांची नावं आहेत. चिठ्ठी बदलता येते. खोक्याच्या तळाशी छापलेली पट्टी मात्र राहून गेली. काळ्याच्या पडद्यावर तिचा आकडा दिसला, आणि गुदाम डोक्यात असलेल्या काकांनी तो पुरलेल्या मालाचा म्हणून ओळखला. वहीतून हे काकांना कधी कळलं नसतं. म्हणूनच मालकांना निळा हवा होता. तो कोल्ड रूममध्ये काही वाचूच शकत नाही."

"आणि काळा?"

"काळ्याचं पोट मालकांना ठाऊक नव्हतं. सोमवारी ते फोनवर होते. काकांच्या हातातून यंत्र घेतलं, बाहेर आले, पाचर उपटली, दार लावलं. पाचर गेंड्याच्या गाडीवर. थंडीनं यंत्रानं मान टाकलेली, मालकांना वाटलं, मेलं. मेलेला काय बोलणार? मग मी आले आणि काळा मागायला लागले. नमुना हरवला म्हणणं बरं दिसेना. मी अंगणात गेल्याबरोबर त्यांनी तो स्टँडवर ठेवला. स्टँडवर वीज मिळाली आणि मेलेला बोलला. एकेचाळीस वेळा."

"मग यादी पुसायची ना!" फौजदार जवळजवळ मालकांच्या बाजूनं कळवळले.

"पुसणार होते. पण वर वेळ दिसली, चार बारा. मी समोर साक्षीदार. तीच यादी गळ्याला फास होती आणि तीच बुडत्याला दोर. मालकांनी दोर धरला. लाल रंग तुम्हाला छान दिसेल, एवढा भरवसा त्यांना होता."

फौजदारांनी हा टोला गिळला. मग मालकांच्या अगदी जवळ गेले.

"दार लावल्यावर म्हातारा ओरडला असेल."

मालकांनी टेबलावरची टोपी नीट सरळ केली.

"किती वेळ?"

"दार जाड आहे," मालक म्हणाले. आवाज शांत होता, माल चांगला आहे म्हणावं तसा. "ओरडणं नाही येत. ठोकणं येतं, बारीक. मी नीट सांगितलं होतं त्यांना, काका, ठेवा ते, मी बघतो. ऐकेचनात. पोरासारखे तेच खोकं, तेच खोकं. टिट, टिट. म्हणाले, चूक सापडली मालक, आता तपासनिसाला बोलवून दुरुस्त करून घेऊ. चूक!" ते पहिल्यांदाच चिडले. "बत्तीस वर्षं माझं मीठ खाल्लं आणि त्याला ती चूक वाटली."

"किती वेळ ठोकत होते?"

"चार-सव्वाचारपर्यंत." मालकांनी बाईंकडे पाहिलं. "म्हणून तर ह्यांना म्हणालो, आवाज मोठा करून दाखवा. पुन्हा दाखवा. बाई फार मन लावून दाखवतात."

टिटवीबाईंनी हातातला स्कॅनर टेबलावर ठेवला. ठेवताना बोट चुकून बटणावर गेलं आणि तो वाजला. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

हवालदारानं मालकांना जीपमध्ये बसवलं. जीप कलली नाही.

गेंड्याला दुपारी सोडलं. बाई चौकीच्या दारात थांबल्या होत्या. खरं तर त्यांना निघून जायचं होतं, पण आपण ज्याला सोडवलं त्याचं तोंड बघावं, अशी एक हौस माणसाला असतेच. गेंडा एकेक पायरी जपत उतरला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला.

"जिन्यावरून पडला," मागून फौजदार म्हणाले. चौकी एकमजली होती.

"साहेब म्हणाले तुमच्यामुळं सुटलो," गेंडा बाईंना म्हणाला. त्यानं डाव्या हातानंच नमस्कार केला. "लई उपकार झाले बाई."

"अरे, उपकार कसले. यंत्रामुळं कळलं सगळं."

"कोरडं होतं म्हणं ते."

"हो."

"तुमाला कधी कळलं, कोरडं होतं ते?"

बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. खोटं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत होतं, पण जीभ वळेना.

"शुक्रवारीच."

गेंड्यानं मान हलवली. त्याला राग आलेला दिसत नव्हता. तो नुसता हिशोब जुळवत होता, खोकी मोजताना जुळवतो तसा. मग फडकं थोडं सोडून त्यानं हात पुढं केला. दोन बोटं काळीनिळी, भलत्याच दिशेला वळलेली.

"हे शुक्रवारचं," तो म्हणाला. "हे शनिवारचं. रविवारी साहेबांना सुट्टी होती."